थांबणारी शिट्टी

“हलू नका,” धुक्यातून आवाज आला.

मी हलले नाही. सकाळचे साडेसहा, चहूकडे दुधासारखं धुकं, पायाखाली तळ्यावरचा दोन फळ्यांचा पूल, एका हातात नोंदवही, दुसऱ्या हातात फडकं. अशा वेळी अनोळखी पुरुष ‘हलू नका’ म्हणाला, तर शहाणी बाई हलत नाही. हलली तर पाण्यात पडते.

मग मला शिंक आली.

“गेलं,” आवाज म्हणाला. फार दुःखाने. “अकरा मिनिटं झाली होती.”

धुकं जरा विरळ झालं तेव्हा तो दिसला. पुलाच्या टोकाला उकिडवा बसलेला, कानांवर मोठाले हेडफोन, हातात लांब काठी आणि काठीच्या टोकाला राखाडी, केसाळ काहीतरी. मेलेलं मांजर असावं असं मला वाटलं.

“ते काय आहे?” मी विचारलं.

“माइक. वारा लागू नये म्हणून त्याला कोट घातलाय.”

“तुमच्यापेक्षा त्याचा कोट बरा आहे.”

त्याने स्वतःच्या भिजलेल्या शर्टाकडे पाहिलं आणि तो हसला… पण अजिबात आवाज न करता. नुसते डोळे आणि खांदे. त्याच्या धंद्यात तसंच हसावं लागतं, हे मला नंतर कळलं. त्या वेळी एवढंच वाटलं, की बरं हसतो.

मी पुढे होऊन माझं काम केलं. तळ्यात एक खांब आहे, त्यावर आकडे रंगवलेली पट्टी. रोज सकाळी ती पुसायची, पाणी कुठवर आलंय ते वाचायचं आणि वहीत लिहायचं. हे काम आधी बाबा करायचे. काठावर खात्याने दिलेल्या दोन खोल्या, मागे अवजारांची कोठी, आणि समोर नजर पोचेल तिथवर बोरूचं रान. माणसापेक्षा उंच, आणि वारा नसतानाही आपापसांत काहीतरी कुजबुजणारं.

त्याच्या खिशात साहेबांचं पत्र होतं. तीन आठवडे कोठीत राहायची परवानगी. आईने पत्र वाचलं, त्याच्या गळ्यातले हेडफोन पाहिले आणि म्हणाली, “म्हणजे कानसेन. या. चहात साखर किती?”

झालं. बारशाला एवढंच पुरतं आमच्याकडे.

कानसेनाचं काम ऐकून मला आधी हसूच आलं. बोरूत एक बोटभर लांबीचा, मातकट रंगाचा पक्षी राहतो, वटवट्या. त्याचा एक सख्खा भाऊ शोभेल असा दुसरा वटवट्या आहे. यातला नेमका कोणता आमच्या तळ्यावर येतो, एवढं ठरवायला हा माणूस तीन आठवडे कंबरभर चिखलात उभा राहणार होता.

त्याने दोन फोटो माझ्यासमोर ठेवले. “फरक सांगा.”

“एक डावीकडे आहे, एक उजवीकडे.”

पुन्हा ते बिनआवाजाचं हसणं. “नीट बघा. याचे पाय जरा गुलाबी. पाठीवरचा रंग जरासा फिका. आणि पंख उघडला तर बाहेरच्या एका पिसाला एक खाच असते. एकाची आखूड, एकाची लांब. दोनेक मिलिमीटरचा फरक.”

“म्हणजे जुळ्या बहिणींना टाचेच्या भेगांवरून ओळखायचं.”

“नाही, गळ्यावरून ओळखायचं. गायला लागले की संपलं. हा बोरूतला, हा जुना कारकून आहे. प्रत्येक गोष्ट दोनदा, तीनदा सांगणार, एका तालात, कुरकुरत. आणि हा काठच्या झुडपातला, कधी बोरूतही शिरणारा, हा नकलाकार. याचं स्वतःचं गाणंच नाही. सत्तर-ऐंशी पक्ष्यांचे आवाज उचलतो आणि एकामागून एक ओततो. त्यात निम्म्याहून जास्त इथले नसतातच. हिवाळा काढायला हजारो मैल दक्षिणेला जातो ना, तिथले. आपण इथे बसून अशा पक्ष्यांचे आवाज ऐकतो, जे या आभाळात कधी आलेलेच नाहीत.”

तो हे इतक्या हळू सांगत होता, की माझ्या अंगावर काटा आला. की तो फार जवळ बसला होता म्हणून… कोण जाणे.

आणि तेवढ्यात बोरूतून शिट्टी आली.

तीन सूर. दोन चढते, एक उतरता.

मी फोटो खाली ठेवला. स्वयंपाकघरातून आईने पातेल्याच्या झाकणावर पळी वाजवली. टण्. टण्. दोनदाच. मग कप काढल्याचा आवाज आला.

“तुमच्याकडे पक्ष्याला उत्तर देतात?” त्याने कौतुकाने विचारलं.

“तो पक्षी नाही,” मी म्हणाले. “ते माझे बाबा.”

त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मग मी सगळं सांगितलं. बाबा घरी येताना बोरूतून ही शिट्टी वाजवायचे आणि आई झाकण दोनदा वाजवायची. म्हणजे ऐकलं, चहा टाकते. चार वर्षांपूर्वी अशाच धुक्यात बाबा होडी घेऊन जुन्या पाटाकडे गेले. तिथे पाणी खोल आहे आणि तळाला ओढ आहे. होडी परत आली. बाबा आले नाहीत. काहीच आलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात मात्र एका सकाळी शिट्टी आली. तेव्हापासून दर उन्हाळ्यात येते. आई उत्तर देते आणि एक कप जास्तीचा भरते.

“आणि तो चहा?”

“गार झाला की मी पिते. टाकून द्यायची आमच्यात पद्धत नाही.”

खरी अडचण चहाची नव्हती. पाणी मोजायला आता यंत्र बसणार होतं आणि महिनाअखेरीला खोल्या रिकाम्या करायच्या होत्या. मला शहरातल्या कचेरीत टेबल मिळालं होतं. पण आईचं एकच पालुपद, “ते हाक मारतात, आणि मी कुठे जाऊ?” तिला एकटीला सोडून मी जाणार नव्हते आणि ती हलणार नव्हती. सत्तावीस उलटलेल्या मुलीचं सगळं आयुष्य तीन सुरांवर अडून बसलं होतं. बघायला येणाऱ्यांनीही येणं सोडलं होतं. ज्या घरात सासरा बोरूतून शिट्ट्या घालतो, तिथे सोयरीक कोण करणार?

कानसेन पुढचे दोन दिवस बोरूतच मुक्काम ठोकून होता. तिसऱ्या दिवशी पुलावर माझ्या शेजारी बसून म्हणाला, “ती शिट्टी मला शिकवाल?”

“रेकॉर्ड करता की.”

“तोंडाने.”

“जीभ खाली. ओठ असे. आता हळू फुंका.”

“फूऽऽ,” कानसेन म्हणाला.

“ही हवा झाली.”

“फूऽऽ.”

“ही जास्त हवा झाली. जगातले सगळे आवाज ओळखता आणि साधी शिट्टी येत नाही?”

“म्हणूनच ऐकण्यात पडलो,” तो म्हणाला. तो माझ्या ओठांकडे बघत होता. शिकण्यासाठीच बघत होता, तसं मानायला जागा होती… पण धडा संपल्यावरही बघत राहिला. मी फडकं पिळलं. ते आधीच कोरडं होतं.

दहाव्या दिवशी त्याने हेडफोन माझ्या कानांवर चढवले. स्वतःच्या हाताने, केस बाजूला करून. “हे ऐका. फक्त एवढंच सांगा, ओळखीचं वाटतं का.”

कानांत खरखर, कुठलेतरी किडे, एक अनोळखी रान. आणि मग तीन सूर. दोन चढते, एक उतरता.

मी हेडफोन कानांवर घट्ट दाबले. “हे कुठलं?”

“दक्षिणेचं. नऊ वर्षांपूर्वीचं रेकॉर्डिंग. तिथला एक छोटा पक्षी असा ओरडतो. तुमचे बाबा तिकडे…?”

“बाबा बाजाराच्या पुढे कधी गेले नाहीत.”

“मग बघा.” तो माझ्याकडे न बघता बोलत होता. “आपला नकलाकार जे काही शिकतो ते पहिल्या वर्षात शिकतो. पुढे नवीन काही घेत नाही. आणि एवढासा जीव, दोन-तीन उन्हाळे काढले तर खूप. चार वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाची शिट्टी आजच्या पक्ष्याने त्याच्याकडून शिकणं शक्य नाही. उलटं झालं असणार. पक्ष्याने ती तिकडून आणली. आणि तुमच्या बाबांनी कधीतरी या पुलावर बसून ती पक्ष्याकडून उचलली.”

मी हेडफोन काढले. बोरू हलत होता. वारा नव्हता.

“आईंना सांगू नका म्हणालात तर नाही सांगणार,” तो म्हणाला. “पण माझ्या तक्त्यात तारीख, वेळ, जागा, जात असे चार रकाने असतात. रिकामा रकाना मला झोपू देत नाही. तिथे मला पक्ष्याचं नाव लिहावं लागेल.”

मीच सांगितलं. भाजी निवडताना, आईच्या तोंडाकडे न बघता. आईने शेवटची शेंग मोडेपर्यंत ऐकून घेतलं.

“म्हणजे शिट्टीसुद्धा उसनी,” ती म्हणाली. “लग्नातला कोट मामांचा. पायातले बूट भावाचे. मला वाटलं होतं, एवढी एक शिट्टी तरी स्वतःची असेल.”

“आई, म्हणजे तुला…”

“पक्षी आहे ते मला पहिल्याच वर्षी कळलं गं. हे कधी साडेपाचला उठले होते?”

“मग झाकण का वाजवतेस?”

आईने देठं गोळा केली. “दोन आहेत,” ती म्हणाली. “सारख्याच वाटतात. पण एक असते ती शिट्टी घालते आणि लगेच पुढे वटवट सुरू. तिला कोणी ऐकलं न ऐकलं, काही नाही. दुसरी रोज नसते. धुकं असलं की येते. तिचा शेवटचा सूर जरा फुसका असतो. आणि ती थांबते.”

“थांबते म्हणजे?”

“उत्तराची वाट बघते. मी झाकण वाजवलं की मग गप्प होते.” ती उठली. “तुझ्या कानसेनाला सांग. त्याला दोन सारख्यांतले फरक आवडतात ना.”

‘तुझ्या’ म्हणाली. मी ऐकलं. पण त्यावर काही बोलायची ती वेळ नव्हती.

मी कानसेनाला सांगितलं नाही. आई बिचारी, असं मनात म्हटलं आणि सोडून दिलं. शिवाय त्याने त्या संध्याकाळी माझ्यापुढे वेगळाच प्रश्न ठेवला होता.

“शनिवारी निघतो,” तो म्हणाला. “तुमची कचेरी आणि माझी प्रयोगशाळा एकाच रस्त्यावर आहेत. मधे सतरा झाडं आहेत. मी मोजली नाहीत, एका सहकाऱ्याला मोजायला लावली.” मग बराच वेळ काठीवरचा केसाळ कोट कुरवाळत बसला. “मी रोज सतराव्या झाडापाशी थांबू शकेन. कचेरी सुटेपर्यंत. म्हणजे… नुसतं थांबायचं नाही म्हणत मी. पुढचंही सगळं म्हणतोय.”

“आई हलणार नाही.”

“मी उत्तर मागत नाहीये. विचारून ठेवलंय.”

गुरुवारी धुकं आलं.

असं धुकं मी चार वर्षांत पाहिलं नव्हतं. पुलावर उभं राहून स्वतःचे पाय दिसेनात. कानसेन उजाडताच बोरूत गेला होता. आठ वाजले, तरी परतला नव्हता. मी हाक मारली. धुक्यात हाक दोन हात जाते आणि ओल्या कापडासारखी खाली पडते.

मग उजवीकडून शिट्टी आली. दोन चढते, एक उतरता. आणि लगेच पुढे चिवचिव, किरकिर, टकटक, दहा पक्ष्यांची खिचडी. नकलाकार. त्याला माझ्याशी काही देणंघेणं नव्हतं.

कानसेन त्याच्याच मागे असणार म्हणून मी तिकडे निघणार होते. नेहमीची वाट उजवीकडेच होती.

तेवढ्यात डावीकडून शिट्टी आली. दोन चढते. एक उतरता… शेवटी जरा फुसका.

मग काही नाही. एक पानसुद्धा हललं नाही. माझ्या आयुष्यात मी इतकी मोठी शांतता ऐकली नाही. कोणीतरी श्वास धरून उभं असावं, तशी.

मागे, दूर, घरात आईने झाकण वाजवलं. टण्. टण्.

आणि शिट्टी पुन्हा आली. थोडी पुढून. आणि पुन्हा थांबली.

मला वाटलं, कानसेनाला शिट्टी आली. भीतीने माणसाला काय काय येतं. मनात एवढंच आलं की शेवटचा सूर अजून कच्चा आहे, त्याच्याकडून घोटून घ्यायला हवा. पट्टी साफ करायची लांब काठी घेतली, पुलाची सुटी फळी बगलेत मारली आणि डावीकडे वळले. डावीकडे जुना पाट होता. चार वर्षांत मी तिकडे एकदाही गेले नव्हते. शिट्टी येत होती, मी एक पाऊल टाकत होते. झाकण वाजत होतं, मी एक पाऊल टाकत होते. बोरू अंगावरून सरकत होता, अगदी हळू, कोणीतरी हाताने बाजूला धरून वाट करून द्यावी तसा.

तो कमरेपर्यंत चिखलात होता. दोन्ही हातांनी माइक डोक्यावर धरलेला, ओठ निळे. त्याच्यापुढे चार वीत बोरू होता आणि त्यापलीकडे पाटाचं काळं पाणी.

“फळीवर छाती टेका,” मी म्हणाले. “तो मांजरबोका इकडे द्या आधी.”

काठी, फळी आणि सुचतील तेवढ्या शिव्या, असं करून मी त्याला ओढून काढलं. एक बूट आत राहिला. आम्ही दोघं फळीवर पडून राहिलो, तोंडाला तोंड लावून म्हणावं इतके जवळ, आणि दोघांचेही दात वाजत होते.

“बरं झालं तुम्ही शिट्टी घातलीत,” तो म्हणाला. “मला वाटलं पुढे काठ आहे. मी पाऊल टाकणारच होतो. तेवढ्यात तुमची शिट्टी आली, अगदी समोरून. म्हटलं तुम्ही येताय, थांबावं. म्हणून थांबलो.”

मी कोपरावर उठले.

“मी नाही घातली,” मी म्हणाले. “तुम्ही घातलीत.”

“मला कुठे येते?” तो म्हणाला.

समोर फक्त काळं पाणी होतं. त्यावर धुक्याची एक चीर झाली आणि पुन्हा मिटली.

माइक सगळा वेळ चालूच होता.

स्वयंपाकघरात, बाबांचं जुनं स्वेटर घालून, एका पायात मोजा आणि एका पायात चिखल अशा थाटात कानसेनाने मशीन लावलं. आईने चार कप भरले. आम्ही ऐकलं. उजवीकडचा नकलाकार. दूरची टण् टण्. आणि दुसरी शिट्टी, इतकी जवळून, की आईने सवयीने झाकणाकडे हात नेला.

त्याने संगणकाच्या पडद्यावर दोन चित्रं शेजारी शेजारी आणली. आवाजाची चित्रं, तीन-तीन तिरक्या रेघा. “फरक सांगा,” असं या वेळी तो म्हणाला नाही. दिसतच होता. पहिल्या दोन रेघा एकीवर एक ठेवाव्यात अशा. तिसरी मात्र पक्ष्याच्या शिट्टीत अखंड होती, आणि धुक्यातल्या शिट्टीत तिच्या टोकाला खाच होती. तिथून सूर पसरून नुसती हवा झालेली.

“दात,” आई म्हणाली.

आम्ही तिच्याकडे पाहिलं.

“पुढचा दात पडला होता ना त्यांचा. शेवटच्या हिवाळ्यात. तेव्हापासून उतरता सूर फुसका यायचा. मी चिडवायचे.”

मी विसरले होते. पोटची पोर, आणि दात विसरले होते.

कानसेनाने तक्ता पुढे ओढला. तारीख लिहिली. वेळ, आठ सतरा. जागा, जुना पाट. चौथ्या रकान्यापाशी पेन थांबलं. बराच वेळ थांबलं. मग त्याने आईकडे एकदा पाहिलं आणि जातीच्या रकान्यात बारीक अक्षरांत लिहिलं, ‘घरचे’.

आईने चष्मा लावून वाचलं. चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा लावला, पुन्हा वाचलं.

“चहा गार होतोय,” ती म्हणाली. आणि चौथा कप तिने स्वतः उचलून प्यायला. चार वर्षांत पहिल्यांदा. “शनिवारी किती वाजता निघायचं?”

“आई?”

“मला वाटायचं, माझ्यासाठी थांबलेत.” तिने कानसेनाच्या चिखलाच्या पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “माझ्याकडे येऊन काय करणार होते? चहाच मागणार. त्यांना वेगळंच काम होतं वाटतं. झालं ते.”

शनिवारी टेम्पोत सामान चढलं. ऊन लख्ख पडलं होतं. आई शेवटची आत गेली, झाकण घेऊन काठावर आली आणि कोणी शिट्टी घातलेली नसताना तिने ते दोनदा वाजवलं. मग उभी राहिली. आम्हीही उभे राहिलो. बोरूत नकलाकार वटवटत होता, एकामागून एक, दूरदूरचे आवाज, कोणासाठीही न थांबता.

दुसरं काही आलं नाही. आईने मान हलवली, जसं काही ‘बरं’ म्हणाली, आणि झाकण पिशवीत टाकलं.

“पातेलं कधीच फुटलंय,” मी म्हणाले. “नुसतं झाकण कशाला?”

“लागेल.” मी मागे चढून बसल्यावर तिने पिशवी माझ्या मांडीवर ठेवली आणि स्वतः पुढे, ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली.

कानसेन मागे गाद्यांच्या वळकटीवर माझ्यासमोर बसला होता, नव्या बुटांत. टेम्पो सुरू झाला. तळं मागे जाऊ लागलं. त्याने घसा साफ केला. जीभ खाली घेतली. ओठ जमवले, अगदी शिकवले होते तसे.

“फूऽऽ. फूऽऽ. फूऽऽ.”

नुसती हवा. एकही सूर नाही. जगातल्या कुठल्याही जातीत बसणार नाही असला आवाज.

पण मग तो थांबला. हसला नाही, बोलला नाही, नजर हलवली नाही. माझ्याकडे बघत, श्वास धरून, थांबून राहिला.

मी पिशवीतून झाकण काढलं. पळी मिळेना, म्हणून हातातली बांगडीच त्यावर आपटली.

टण्. टण्.